सातव्या पायरीचा शाप

घ्या, आधी चहा घ्या. आन हसायचं असंल तर कप खाली ठेवून हसा. मागल्या वेळेस हीच गोष्ट सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता, अन् बोल मला लागला.

चुका तर सगळेच करतात. पण स्वतःच्या पोरीची सोयरीक स्वतःच्याच तोंडानं, तीही सकाळी आठ वाजता, पाहुण्यांना नदीच्या काठानं पायी फिरवत फिरवत मोडायला निघालेला बाप तुमी पाहिलाय का? न्हाई ना? मंग पाहून घ्या. तुमच्या समोर बसलाय.

तुमाला ठावं हाय, मी जिंदगीभर शाळेत इतिहास शिकवला. शुद्ध बोलून बोलून जीभ दमली, म्हणून रिटायर झाल्यापासून आपल्या बोलीत बोलतो. पण शिकवायची खाज काही गेली न्हाई. घरात शिकवायला जावं तर बायको म्हणते, दळण आणा. मग मी एक उद्योग काढला. बाहेरगावच्या लोकांना आपल्या हिंगोलीचा जुना नदीकाठ पायी दाखवायचा. कयाधूचा दगडी घाट, त्याच्यावरचा पडका बुरूज, निजामाच्या वेळची जकात नाक्याची खोली, परटांचे धुण्याचे दगड, अन् शेवटी घाटाला लागून आमची गल्ली. दीड तासाची फेरी. फेरी संपली की आमच्याच घरी चहा.

औंढ्याला दर्शनाला आलेले लोक कुणाकडून तरी माझा नंबर घ्यायचे अन् फोन करायचे. यायचे, पण काय सांगू, पाचव्या मिन्टाला जांभया. एक बाई तर बुरजाकडं पाठ करून फोनवर नणंदेला वांग्याचं भरीत सांगत बसल्या. मी इकडं बुरुजाचा चुना कसा मळायचे ते सांगून राहिलो, त्या तिकडं वांगं कसं भाजायचं ते. त्यांच्याकडं जास्त लोक कान देऊन होते.

मंग एके दिवशी माझ्या तोंडानं घात केला.

आमच्या घाटाला सोळा पायऱ्या. सगळ्या भुऱ्या दगडाच्या, पण वरून सातवी तेवढी काळीकुट्ट. खरं कारण म्हणाल तर जुनी पायरी फुटली असंल अन् कुणी हाताला लागला तो दगड बसवला असंल. बस. पण त्या दिवशी एका पाहुण्यानं कॅमेरा पिशवीत घालता घालता विचारलं, ही एकच काळी काहून? तो कॅमेरा पिशवीत जाताना पाहून माझा जीव तुटला. अन् मी म्हटलं, ही शापाची पायरी हाय.

कॅमेरा लगेच बाहेर आला.

मंग काय, जीभ सैलच झाली. म्हटलं, हा घाट बांधणाऱ्या पाथरवटाची एक पोरगी होती. तिची सोयरीक ठरली. बापाचं सगळं ध्यान घाटात. लग्न पुढं ढकललं, पुन्हा ढकललं, तिसऱ्या खेपेला सोयरे उठून गेले. तवा पोरगी सातव्या पायरीवर उभी राहून म्हणाली, या गल्लीतल्या ज्या पोरीचा पाय या दगडाला लागंल, तिची सोयरीक मोडंल.

आता तुमी म्हणाल, सर, तुमी बौद्ध माणूस. घरात कुणाच्या दंडाला दोरा न्हाई, दाराला लिंबू न्हाई. शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं तुमचीच. अन् तुमच्या तोंडी शाप? तेच तर! मलाही लाज वाटली. पण लोकांनी फोटो काढले हो. एकीनं तर पायरीसोबत माझाही काढला. कौतुकाची चव एकदा लागली की सुटत न्हाई. पुढच्या फेरीला मी पाथरवटाच्या पोरीला हिरवं लुगडं नेसवलं, त्याच्या पुढच्या फेरीला तिच्या पैंजणाचा आवाज काढला.

आता घरातलं सांगतो, म्हंजे पुढची गंमत कळंल. माझी एकच लेक, प्रज्ञा. दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला हाय. आखाडा बाळापूरचा संदेश नावाचा पोरगा, शेतीखात्यात नोकरी, एकदा वडलांना रक्त तपासायला घेऊन आला अन् एक रिपोर्ट न्यायला चार खेपा केल्या. समजून घ्या. लेकीनं आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं. पोरगा आपल्यातलाच, निर्व्यसनी, मला तर कबूलच. पण त्यांच्या घरात शब्द चालतो चुलत्याचा. चुलते रिटायर कंडक्टर. ते म्हणाले, आधी चौकशी, मंग बोलणी.

चौकशी तुमाला माहीतच हाय. पोराकडली माणसं न सांगता गावात येतात. हॉटेलात चहा पितात, शेजारणीला पाणी मागतात, अन् हळूच विचारतात की घराणं कसं हाय, बाप कसा हाय. नाव सांगत न्हाईत. ओळख पटू नये म्हणून जयभीमसुद्धा घालत न्हाईत, साधा नमस्कार करतात.

बायकोनं मला त्या आठवड्यात चार वेळा बजावलं होतं की बाळापूरची माणसं कधीबी येतील, अनोळखी माणसाशी बोलताना तोंड आवरा. मी म्हटलं, मी काय लहान लेकरू हाय?

तो रविवार. नांदेडचे एक नवरा-बायको फेरीला येणार होते. आठ वाजता, घाटाच्या वरच्या टोकाला. मी टोपी घालून पोचलो तर दोघं उभेच. माणूस वाळका, सफारी घातलेला, बाई जरा ठसठशीत, हातात कापडी पिशवी. दोघांनी नमस्कार केला. मी म्हटलं, या, या, तुमचीच वाट पाहून राहिलो. माणूस म्हणाला, आमची? मी म्हटलं, मंग कुणाची? चला.

नाव विचारलं का? न्हाई. काहून विचारीन? दोन सांगितले होते, दोन आले. हिशोब बराबर.

बुरूज दाखवला, नाक्याची खोली दाखवली. दोघंही फार मन लावून ऐकत होते. असे श्रोते मला जन्मात भेटले न्हाईत. बाई तर बुरुजापेक्षा गल्लीबद्दलच जास्त विचारायच्या. वस्ती कशी हाय? माणसं भांडकुदळ हायत का? पाणी येतं का? मी मनात म्हटलं, वा, नुसते दगड न्हाई, लोकजीवन जाणून घेणारी बाई हाय.

मंग सातव्या पायरीवर आणलं. हिरवं लुगडं, पैंजण, सगळं काढलं. शाप सांगताना आवाज खाली नेला. बाईचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी विचारलं, "मंग आता या गल्लीत लग्नाच्या पोरी हायत का?"

आता इथं कुणी शहाण्यानं काय केलं असतं? गप बसला असता. मी म्हटलं, हायत की, तीन-चार. एकीचंबी जमून न्हाई राहिलं. एक पोरगी तर शिकलेली, नोकरीवाली, लाखात एक, पण तिचंबी घोडं अडलंय बघा. रोज याच पायरीवरून जाते.

माझीच लेक हो! गोष्टीला जोर यावा म्हणून मी तिला शापात घातली. वरून उसासाबी सोडला.

माणसानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं बिगरतिकिटाच्या माणसाकडं पाहतात. तवा मला कळलं न्हाई, आता कळतं.

आमी खाली उतरलो, परटांच्या दगडापाशी आलो. मी दगडावर हात ठेवून बोलायला तोंड उघडलं अन् खिशातला फोन वाजला. नांदेडचे पाहुणे. म्हणाले, सर, माफ करा, आमी अजून औंढ्यातच हाओत, दर्शनाला लई गर्दी हाय, आज काही जमत न्हाई.

मी फोन कानाला तसाच धरून राहिलो. नांदेडचे पाहुणे औंढ्यात. मंग माझ्या पाठीमागं हे कोण उभे हायत?

हळूच वळलो. विचारलं, पाहुणे, तुमचं गाव कोणतं म्हणालात?

"म्हणालो न्हाई," माणूस म्हणाला. "आखाडा बाळापूर."

खोटं न्हाई सांगत, पायाखालचा दगड हलला. घाटाला न्हाई, मला शाप लागला. अर्ध्या तासात मी स्वतःच्या गल्लीला पनवती लावली होती, पोरीच्या लग्नाला पैंजण बांधले होते, अन् एक बौद्ध गुरुजी शाप मानतो असं पोराच्या चुलत्याला पटवून दिलं होतं. तेबी अभिनयासकट.

चुलते म्हणाले, चला, पुढं चला. कंडक्टरची सवय. पण मला पुढं कुठं जावं ते सुचंना.

मी सारवासारव सुरू केली. म्हटलं, आमची गल्ली तशी लई गुणी. मघाशी पायरीचं बोललो ना, त्यात जरा मीठमसाला होता.

"म्हंजे खोटं होतं?"

"खोटं असं न्हाई. म्हंजे, व्हय. खोटंच."

"मंग अर्ध्या तासाआधी काहून सांगितलं?"

आता सांगा, काय उत्तर द्यावं? खोटं सांगितलं म्हणावं तर मी थापाड्या. खरं मानतो म्हणावं तर मी अंधश्रद्ध. थापाड्या बापाची पोरगी करावी का अंधश्रद्ध बापाची, एवढंच त्यांना ठरवायचं राहिलं होतं. माझ्या कपाळाला घाम, अन् छातीत धडधड. त्यात आठवलं की बीपीची गोळी घरीच राहिली.

अन् नेमकी ती गोळी घेऊन माझी लेक घाटाच्या वरच्या टोकाला दिसली.

एका हातात गोळी, एका हातात पाण्याची बाटली. ड्युटीला निघाली होती, वाटेत मला गोळी द्यायला आली. ती भराभर उतरायला लागली. मी खालून पाहून राहिलो. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. माझ्या बाजूला पोराचा चुलता अन् त्या बाई, म्हंजे पोराची आत्या, दोघांच्याही नजरा वर. चौथी. पाचवी. मला पक्कं ठावं होतं की तो शाप म्याच रचलाय. पाथरवट माझा, पोरगी माझी, लुगडं माझं. सहावी.

"प्रज्ञा, थांब!"

असा वरडलो की परटांच्या दगडावरचे बगळे उडाले. वर गल्लीतल्या दोन बायका दारात आल्या. लेक एक पाय हवेत धरून उभी.

तुमी विचाराल, सर, काहून वरडलात? मलाच ठावं न्हाई. पोरीचा जीव त्या पोरात अडकला होता. त्या घडीला मला कुणी म्हटलं असतं की उलटं चालत घरी गेलं की सोयरीक टिकते, तर मी उलटा चाललो असतो. बाप झाल्यावर कळतं, भाषणं वायली अन् काळीज वायलं.

चुलत्यानं माझ्याकडं वळून शांतपणे विचारलं, "खोटं होतं म्हणता, मंग थांबवलं काहून?"

मी टोपी काढून घाम पुसला.

लेकीनं वरून पाहिलं. मी, बाजूला दोन अनोळखी माणसं, माझा पडलेला चेहरा. फेरीत मी काय सांगत फिरतो ते तिनं आधी गल्लीत ऐकलं होतं. तिनं तो हवेतला पाय सातव्या पायरीवर ठेवला. मंग दुसराबी ठेवला. दोन्ही पायांनी नीट उभी राहिली अन् म्हणाली, "पप्पा, काल संध्याकाळी मी याच पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या. काही झालं न्हाई."

मंग खाली आली, मला गोळी दिली, पाणी दिलं. पाहुण्यांकडं वळून म्हणाली, "काका, आत्या, जयभीम. चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई." संदेशनं फोटो दाखवलेले होते तिला, तिनं वरूनच ओळखलं होतं. तिच्या बापाला मात्र शेजारी उभं राहून ओळखू आले न्हाईत.

चुलते म्हणाले, जयभीम, पोरी. बस, तेवढंच.

चहा झाला. बायको पोहे वाढता वाढता माझ्याकडं पाहायची, अन् प्रत्येक वेळेस माझ्या ताटात मिरची जास्त पडायची. निघताना चुलते चप्पल घालत म्हणाले, कळवतो.

कळवतो! सोयरिकीच्या भाषेत कळवतो म्हंजे काय ते तुमाला काय सांगायचं. कुणी कधी कळवलंय?

आठ दिवस गेले. बायको माझ्याशी फक्त दळणापुरतं बोलत होती. लेक चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली न्हाई, निमूट जेवायची अन् उठायची. तिसऱ्या दिवशी फक्त एवढं म्हणाली, "पप्पा, इतक्यांदा तो शाप सांगितला, एकदा तरी मनात आलं का की या गल्लीत मीबी राहते?" माझ्या गोष्टीतल्या पाथरवटाचं सगळं ध्यान घाटात होतं ना? तो पाथरवट कोण ते मला त्या दिवशी कळलं.

इकडं गल्लीत भलतंच झालं. मी वरडलो ते दोन बायकांनी ऐकलं होतं. सर स्वतः वरडले म्हंजे काहीतरी असंल, असं झालं. दोन दिवसांत गल्लीतल्या पोरी घाट सोडून उताराच्या वाटेनं जायला लागल्या. आमच्या शेजारच्या शेवंताबाईनं तर तिच्या पोरीला सातव्या पायरीकडं पाहायचीबी बंदी घातली.

नवव्या दिवशी चुलते आले. सोबत आत्या, संदेश अन् त्याचे वडील. चुलते बसले, पाणी प्याले, अन् म्हणाले, "सर, आमी घाटावर यायच्या आधी तुमच्या चौकातल्या हॉटेलात चहा पिऊन आलतो. हॉटेलवाला म्हणला, पोरगी लाखात एक हाय, अन् टोपी घालून घाटावर उभा राहील तो तिचा बाप. आमी म्हटलं, बापालाच विचारलं की चौकशी पुरी."

म्हंजे पहिल्या पायरीपासून त्यांना ठावं होतं! मी हिरवं लुगडं नेसवलं तवाबी ठावं होतं!

ते म्हणाले, पोरगी त्या पायरीवर दोन्ही पाय रोवून उभी राहिली तवाच आमाला पसंत पडली. अडचण बापाची होती, त्याच्यावर घरात आठ दिवस बोलणं चाललं. आमच्या घरात शाप, उतारा, अंगारा चालत न्हाई, अन् दुसऱ्याच्या पोरीबाळींना बोल लागंल असं बोलणं तर मुळीच न्हाई. तवा हुंडा नको, मानपान नको, एकच अट. सरांनी त्याच पायरीवर उभं राहून सगळ्या गल्लीसमोर सांगायचं की हे मी रचलं होतं.

मी काही म्हणायच्या आत बायको म्हणाली, मंजूर.

रविवारी सकाळी सगळी गल्ली घाटावर. मी सातव्या पायरीवर उभा राहिलो. आयुष्यभर फळ्यापुढं उभा राहिलेला माणूस, पण माफी मागायला पहिल्यांदाच. हात जोडले. म्हटलं, पाथरवट खोटा, पोरगी खोटी, शाप खोटा. लोकांनी फोटो काढावे म्हणून म्याच रचला. पोरींनो, तुमचं नाव घेऊन मी टाळ्या मिळवल्या, मला माफ करा. हे बोलताना माझा आवाज खरंच भरून आला. लेकीनं डोळे पुसले. चुलत्यानं उठून माझा हात धरला, अन् आता उशीर काहून म्हणून तिथंच घाटावर पेढा वाटून सोयरीक पक्की केली. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या रविवारी सकाळी घाटावर गेलो तर आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचा एक माणूस उभा. मला आनंद झाला, म्हटलं चला, इतिहासाला गिऱ्हाईक आलं. तो हात जोडून म्हणाला, "सर, तीन वर्षं झाली, पोरीचं जमून न्हाई राहिलं. बापानं सातव्या पायरीवर उभं राहून चूक कबूल केली की सोयरीक जागच्या जागी जुळते म्हणतात. तिथं काय काय म्हणायचं असतं?"

मी कपाळाला हात लावला. त्याला तासभर समजावलं की शाप खोटा होता, उताराबी खोटा हाय. त्यानं सगळं मान डोलावून ऐकलं, चप्पल काढली, सातव्या पायरीवर जाऊन उभा राहिला अन् पोरीला पुढं शिकू दिलं न्हाई म्हणून मोठ्यानं रडला. मी काय बोलणार? बोलला ते खरंच होतं बिचारा.

त्याच्या पोरीचं महिनाभरात जमलं. आता दर रविवारी तीन-चार बाप रांगेत असतात, अन् रांग शेवंताबाई लावते. बुरुजाबद्दल कुणी एका शब्दानं विचारत न्हाई. प्रज्ञाचं लग्न पुढच्या महिन्यात हाय, तवर व्याह्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी रविवारी टोपी घालणं सोडलं.

काल बायकोला म्हटलं, आता ह्याला काय करावं गं? ती दळणाचा डबा माझ्या हातात देत म्हणाली, "करायचं काय राहिलं? एक शाप मोडाया गेलात, अन् घाटाचं तीर्थ करून आलात."